अपुऱ्या दिवसांचे मूल आणि आईची ऊब

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास आपण अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतो. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष मुले जन्मली. त्यांतील सुमारे ३० लक्ष भारतात.

या मुलाची फुप्फुसे अपक्व असतात, दूध ओढण्याची शक्ती बेताची असते. परंतु त्याला सर्वांत आधी गाठते ती थंडी. त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो आणि वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो. आपल्याला उबदार वाटणाऱ्या खोलीतही ते गारठते. म्हणून त्यास काचेच्या पेटीत ठेवण्याची पद्धत पडली.

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील एका प्रसूतिरुग्णालयात या पेट्या इतक्या अपुऱ्या होत्या, की एकीत दोन-तीन मुले ठेवावी लागत. साहजिकच एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्यास होई. १९७८ साली तेथील डॉ. एडगार रे यांनी निराळा मार्ग धरला. मुलाला केवळ लंगोट व टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरावयाचे, वरून कापडाने बांधावयाचे आणि अंगावरचेच दूध द्यावयाचे. पिलाला पोटाच्या पिशवीत वागविणाऱ्या कांगारूवरून या पद्धतीस नाव मिळाले.

पुष्कळ काळ तिला गरिबांची तडजोड समजले गेले. शिवाय मूल स्थिर झाल्यावरच ते आईजवळ द्यावे, असा दंडक होता. अडचण अशी, की पुष्कळशी मुले स्थिर होण्यापूर्वीच दगावत.

भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या एका प्रयोगाने हा दंडक तपासला. १ ते १.८ किलोग्रॅम वजनाच्या मुलांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवण्यात आले. श्वासास यंत्राचे साहाय्य लागले तर तेही तेथेच दिले जाई. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावयाची नव्हती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १५.७ वरून १२ वर आले. फरक इतका स्पष्ट होता, की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत सुचविली.

मात्र यासाठी नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात आईला चोवीस तास जागा हवी. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात या प्रयोगासाठी तशी सोय करण्यात आली: मुलाशेजारी आईची खाट आणि तिचीही शुश्रूषा तेथेच. एरवी अनेक ठिकाणी आई एका मजल्यावर असते व मूल दुसऱ्या.