सुधारणा, महायुद्ध आणि मागे राहिलेली माणसे

१९१६ हे वर्ष अमळनेरच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी श्रीमंत प्रतापशेठ यांच्या पुढाकाराने येथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका मराठी विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेविषयी निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. अमेरिका तेव्हा सामाजिक सुधारणांनी ढवळून निघाली होती आणि वर्षभराच्या आतच ती पहिल्या महायुद्धात उतरणार होती. दूरदेशीच्या या घडामोडींचा खानदेशाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. हा संबंध कसा आहे आणि ख्रिस्ती श्रद्धावंतांनी त्यातून कोणता बोध घ्यावा, ते या लेखात पाहू.

अमेरिकेतील सुधारणेचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कारखाने झपाट्याने वाढले. युरोपातून लाखो गरीब माणसे कामाच्या शोधात तेथे आली. मजुरी अपुरी, कामाचे तास प्रदीर्घ आणि वस्त्या अस्वच्छ, अशी त्यांची अवस्था होती. लहान मुलेही गिरण्यांत व खाणींत राबत असत. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतील तरुण मुली होत्या. या दुर्घटनेनंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी अनेक कायदे केले.

या काळात सुधारणेची अनेक कामे एकाच वेळी चालू होती. जेन अॅडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागो येथे स्थापन केलेले हल हाऊस हे स्थलांतरितांच्या सेवेचे केंद्र बनले होते. स्त्रियांना मताधिकार मिळावा, दारूबंदी व्हावी, बालमजुरी थांबावी यांसाठी चळवळी उभ्या राहिल्या. १९१६ मध्ये बालमजुरीला आळा घालणारा कायदा संमत झाला. परंतु १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

कॅथलिक ख्रिस्तसभाही या कार्यापासून अलिप्त नव्हती. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाद्वारे कामगारांच्या न्याय्य वेतनाचा व संघटना करण्याच्या हक्काचा पुरस्कार केला होता. त्याच शिकवणुकीच्या आधारे अमेरिकन धर्मगुरू फादर जॉन रायन यांनी १९०६ मध्ये जीवनवेतनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कामगाराला कुटुंबासह प्रतिष्ठेने जगता येईल एवढे वेतन मिळणे हा त्याचा हक्क आहे, मालकाने दाखवलेली दया नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बडोद्याहून न्यूयॉर्कला

या अमेरिकेकडे ज्या भारतीय राज्यकर्त्याने जाणीवपूर्वक पाहिले, ते म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाड. त्यांचा जन्म खानदेशालगतच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले. गावोगावी ग्रंथालये पोहोचवण्याचे काम त्यातूनच उभे राहिले. याच महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात त्यांना अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. लोकशाही ही केवळ राज्य करण्याची पद्धत नसून ती परस्परांशी सहभागाने जगण्याची रीत आहे, हा विचार ड्यूई यांनी १९१६ मधील आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मांडला. एकमेकांत मिसळू न शकणारे समूह खऱ्या अर्थाने समाज बनू शकत नाहीत, हे सूत्र आंबेडकरांच्या पुढील लेखनात वारंवार आढळते. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम ही वस्ती होती. दक्षिणेकडील राज्यांतून येणाऱ्या कृष्णवर्णीयांनी ती याच वर्षांत भरू लागली होती.

अमेरिका युद्धात का उतरली?

१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले तेव्हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तटस्थतेचे धोरण जाहीर केले. देशाला युद्धापासून दूर ठेवणारा नेता म्हणून १९१६ च्या निवडणुकीत त्यांचा प्रचार झाला आणि ते पुन्हा निवडून आले. मात्र १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने आपल्या पाणबुड्यांना व्यापारी जहाजांवरही अनिर्बंध हल्ले करण्याची मुभा दिली. अमेरिकेविरुद्ध मेक्सिकोला चिथावणारी जर्मनीची गुप्त तारही उघड झाली. लोकशाहीसाठी जग सुरक्षित करावयाचे आहे, अशी भूमिका घेऊन विल्सन यांनी २ एप्रिल रोजी संसदेकडे युद्धाची मागणी केली. सिनेटने ती ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहाने ३७३ विरुद्ध ५० मतांनी मान्य केली. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली.

या निर्णयाने सुधारकांत फूट पडली. युद्धातून समाजाची नवी घडी बसवता येईल या आशेने ड्यूई यांनी त्यास पाठिंबा दिला. जेन अॅडम्स यांनी विरोध केला आणि कालपर्यंत त्यांचा गौरव करणाऱ्यांनीच त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. पुढे १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धकाळात सक्तीची सैन्यभरती आली आणि युद्धाविरुद्ध बोलणाऱ्यांना तुरुंगवास घडला. दुसरीकडे, युद्धानंतर काही सुधारणा पदरातही पडल्या. दारूबंदीची घटनादुरुस्ती १९१९ मध्ये व स्त्री-मताधिकाराची १९२० मध्ये मंजूर झाली. अमेरिकन बिशपांच्या युद्धकालीन मंडळाने १९१९ मध्ये सामाजिक पुनर्रचनेचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याचा मसुदा फादर रायन यांचा होता. किमान वेतन, सामाजिक विमा आणि बालमजुरीबंदी या मागण्या त्यात होत्या.

आंबेडकर १९१६ च्या जूनमध्येच लंडनला गेले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ज्या पाणबुडी मोहिमेने अमेरिकेला युद्धात ओढले, त्याच मोहिमेत त्यांच्या सामानाचे व ग्रंथांचे जहाज बुडाले. ते स्वतः दुसऱ्या जहाजाने ऑगस्टमध्ये सुखरूप मुंबईस पोहोचले.

ज्यांना सुधारणेने वगळले

इतक्या साऱ्या सुधारणांच्या गजरात एक मोठा समाज मात्र बाहेरच राहिला. लोकशाहीची ग्वाही देणाऱ्या विल्सन यांच्याच कारकिर्दीत केंद्रीय कार्यालयांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्याची प्रथा वाढीस लागली. साडेतीन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैन्यात गेले. त्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या आणि बहुतेकांच्या वाट्याला हमालीची कामे आली. युद्ध संपेपर्यंत आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवावीत, असे त्यांचे नेते ड्यू बॉईस यांनी १९१८ मध्ये आवाहन केले होते. १९१९ च्या उन्हाळ्यात मात्र अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हिंसक हल्ले झाले. खेदाची बाब अशी, की काही चर्चमध्येही त्यांना मागच्या बाकांवर बसावे लागे.

आपल्याकडेही याच वर्षांत असेच घडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. महायुद्धात मनुष्यबळाची गरज भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, ती मोडण्यात आली. दोन्ही देशांत युद्धाने या लोकांचे श्रम मागून घेतले. मान मात्र दिला नाही. आंबेडकरांना हे साम्य ठाऊक होते. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे करीत असलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

चाळीसगावचा टांगा

१९२९ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशात आले. एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते धुळे मार्गावरील गाडीने चाळीसगावला परतले. दलित वस्ती स्थानकापासून जवळच होती. पण त्यांना टांग्यातून नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला. हाकण्यास मात्र मालकाने नकार दिला. वस्तीतील ज्या माणसाने लगाम हाती घेतला, त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरील पुलावर अपघात झाला, घोडा व टांगा खाली कोसळले आणि दगडी फरशीवर फेकले गेल्याने बाबासाहेबांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. कोलंबियाची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची सनद असलेल्या माणसापेक्षा आपण श्रेष्ठ आहोत, असे एका टांगेवाल्याला वाटत होते. शिक्षण, पद, कायदा यांनी जे साधत नाही ते कोठे अडते, हे यावरून समजते. ते मनात अडते.

अमळनेरने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. साने गुरुजी तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी येथे आले आणि १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत शिक्षक होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले. ते मंदिर सर्वांना खुले झाले.

आपल्यासाठी बोध

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहिले आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने १५ मे नव्हे, तर प्रदीर्घ विचारविनिमयानंतर डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. अस्पृश्यतेची प्रथा ख्रिस्तसभेच्या अंतर्गतही आढळते, हे त्यात मान्य करण्यात आले आणि ती दूर करण्याचा निर्धार व्यक्त झाला. धोरण कागदावर आले. त्याची अंमलबजावणी धर्मग्रामात व्हावयाची आहे. मिस्सेत आपल्या शेजारी कोण बसते, धर्मग्राम समितीत कोणाचे म्हणणे ऐकले जाते, दफनभूमीत जागा कोणाला कोठे मिळते, विवाह ठरवताना आपण प्रथम काय विचारतो, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कुटुंबाने स्वतःशी द्यावयाची आहेत.

अमेरिकेच्या त्या पिढीने पुष्कळ चांगले केले. तिच्या कष्टांमुळे कारखाने अधिक सुरक्षित झाले आणि स्त्रियांना मत मिळाले. तरीही आपल्याच दारातील बांधवाला बाहेर ठेवून तिने जगाला लोकशाही देऊ केली, म्हणून तिचे कार्य अपुरे राहिले. अत्यंत लहान अशा बांधवांपैकी एकासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले, असे प्रभू येशूने सांगितले आहे. सुधारणेची खरी कसोटी शेवटच्या माणसापाशीच लागते.