घडीचा चाकू: जसं काम, तशी धार

ताईंनो, भाजी कापायला, सुतळी तोडायला, बांबू तासायला आपण एकच घडीचा चाकू वापरतो. मग धार टिकत नाही म्हणतो. पुष्कळदा दोष चाकूचा नसतो, धार लावताना धरलेल्या कोनाचा असतो.

दगडावर पातं जितकं आडवं, तितकी धार पातळ. ती सहज कापते, पण कठीण वस्तूवर लवकर मुडपते. पातं थोडं उभं धरलं की धार जाड आणि दणकट होते, मात्र कापायला जोर जास्त लागतो.

प्रत्येक बाजूने साधारण एवढा कोन धरा:
• भाजी, फळं, फुलं: 15 अंश
• सुतळी, पोती, रोजची कामं: 20 अंश
• बांबू, वाळक्या फांद्या: 25 अंश

कलमाच्या चाकूला एकाच बाजूने उतार असेल, तर त्याच बाजूने धार लावा. दुसरी बाजू सपाटच ठेवा.

कोन मोजायला कागद पुरतो. कागदाचा कोपरा 90 अंशांचा असतो. तो निम्मा दुमडला की 45, परत निम्मा केला की साडेबावीस. 20 अंश त्याहून जरासे कमी.

धारेलगत मार्कर पेनने रेघ ओढा आणि दगडावर हलकेच घासा. फक्त टोकाची शाई गेली तर पातं फार उभं आहे. टोकाचीच शाई राहिली तर फार आडवं आहे.

बोथट चाकूवर जोर दिला की तो सटकतो आणि बोट कापतं. गटात दोन चाकू असतील तर एक पातळ धारेचा, एक जाड धारेचा ठेवा.