दूरची मोटर आणि घरांतलें बटण

पौष महिन्यांतील रात्र, दीड वाजलेला. वाशीम जिल्ह्यांत, पैनगंगेच्या कांठीं म्हणा किंवा रिसोड-मालेगांवकडे म्हणा, गव्हाला पाणी द्यावयाचें असलें तर शेतकऱ्यास या वेळीं अंथरूण सोडून, विजेरी व काठी घेऊन विहिरीवर जावें लागे; पुष्कळ ठिकाणीं अजूनहि जावें लागतें. शेतीच्या पंपांना तीन फेजची वीज चोवीस तास मिळत नाहीं. ती पाळीपाळीनें येते, कांहीं दिवस दिवसा आणि कांहीं दिवस रात्रीं. सौर वीज दिवसा देण्याची योजना २०१७ सालीं निघाली, तरी प्रत्येक विहिरीपर्यंत ती पोंचलेली नाहीं. सोयाबीन आणि तूर बहुतेक पावसावर निघतात. पण गहूं-हरभऱ्याला पाणी द्यावेंच लागतें. बांधावरचा साप आणि ओल्या जमिनीवर उभें राहून दाबलेलें बटण यांची भीति शहरांतल्या दिवाणखान्यांत बसून कळावयाची नाहीं.

घरांत राहून दोन किलोमीटरवरची मोटर चालू करतां येईल काय? येते, आणि त्यांतली युक्ति समजण्यासारखी आहे.

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर दोन बटणें असतात, एक हिरवें व एक तांबडें. आपल्याला वाटतें, हिरवें बटण दाबलें म्हणजे आपल्या बोटानें मोटर चालू केली. तसें नसतें. पांच अश्वशक्तीची मोटर चालतांना सुमारें सात-साडेसात अँपिअर प्रवाह घेते, आणि सुरू होण्याच्या क्षणीं त्याच्या पांच-सहा पट. इतका प्रवाह बोटाखालच्या नाजुक बटणानें जोडावयाचा नसतो. हिरवें बटण फक्त आंतल्या तारेच्या वेटोळ्यास थोडासा प्रवाह देतें. वेटोळें लोहचुंबक बनून जाड पट्ट्या ओढून घेतें, आणि त्या पट्ट्या मोटरीला वीज देतात. त्यांच्याबरोबर एक लहान जोडहि मिटतो. बोट काढल्यावर वेटोळें जिवंत ठेवण्याचें काम त्याचें. तांबडें बटण ही वाट क्षणभर तोडतें. पट्ट्या सुटतात, मोटर थांबते. म्हणजे बोटाचें काम हुकूम सांगण्याचें, आणि हुकूम कोठूनहि सांगतां येतो.

शहरांतील खेळघरांत एकाच फळीवर अनेक व्हिडिओ-खेळ साठविलेले असतात. पेटी न उघडतां खेळ बदलावा म्हणून हौशी कारागीर निवडीच्या तारा बाहेर एका बटणापर्यंत आणतात. तत्त्व हेंच. मात्र तेथें तारेंत पांच व्होल्ट असतात, आणि येथें स्टार्टरच्या बटणाशींहि बहुधा ४१५. खेळण्याच्या भावाचा रिले येथें लावूं नये.

तारेच्या जागीं आतां मोबाइल आला. स्टार्टरशेजारच्या पेटींत सिमकार्ड असतें. शेतकरी तिला फोन लावतो. पेटी फोन उचलते. मग तो आंकडा दाबतो. फोनवरील प्रत्येक आंकड्याला दोन स्वर एकदम वाजतात. उदाहरणार्थ, पांचाला सेकंदाला ७७० आणि १३३६ कंपनांचे. एकटा स्वर मनुष्याच्या बोलण्यांत किंवा शिटींतहि सांपडेल. नेमकी जोडी सहसा सांपडत नाहीं. म्हणून आंकडा चुकत नाहीं. पेटी जोडी ओळखून ठरलेला रिले चालविते. एक रिले हिरव्या बटणाला समांतर जोडतात. दुसरा, एरवीं मिटलेला, तांबड्याच्या वाटेवर बसवितात. तिसऱ्या आंकड्यावर वीज आहे कीं नाहीं हें विचारतां येतें, आणखी आंकड्यांवर पाण्याचे व्हॉल्व्ह निवडतां येतात. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या अशाच यंत्रास २००९ सालीं नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत पारितोषिक मिळालें.

पण दूरचें बटण आंधळें असतें. विहिरीवर उभा असलेला मनुष्य मोटरीचा आवाज बदललेला ऐकतो, जळका वास घेतो. घरांतल्याला तें कळत नाहीं. म्हणून एखादा फेज गेला, दोन फेजांची अदलाबदल झाली, किंवा विहीर आटल्यानें मोटरीचा प्रवाह एकदम उतरला, तर मोटर आपोआप थांबविणारा राखणदार पेटींत हवाच. त्यावर काटकसर करणाऱ्यास पुढें मोटरीचें वेटोळें नव्यानें भरून घ्यावें लागतें.

याहून स्वस्त युक्ति 'ऑटो स्विच'ची. वीज येतांच तो मोटर चालू करतो. वीज गेली म्हणजे स्टार्टर सुटतो आणि आपणहून पुन्हां लागत नाहीं, ही खरी सोय; ऑटो स्विच तीच मोडतो. हिशेब पाहा. ६३ केव्हीएच्या रोहित्राची, म्हणजे गांवकऱ्यांच्या 'डीपी'ची, शक्ति सुमारें ८४ अँपिअरची. त्यावर पांच अश्वशक्तीचे दहा पंप असले, तर चालतांना ते ७०-७५ अँपिअर घेतील. परंतु वीज येतांच सर्व एकाच क्षणीं उठले, तर मागणी ४०० च्या वर जाते. फ्यूज उडतो, नाहीं तर रोहित्रच जळतें, आणि मग ज्यानें ऑटो स्विच लावला नाहीं त्याचाहि गहूं वाळतो. म्हणूनच महावितरण ते काढण्याची विनंती करीत असतें. लावायचाच असेल, तर प्रत्येकानें निरनिराळ्या मिनिटांचा विलंब ठेवावा. शेजाऱ्यांनीं आपसांत ठरविलें तर हें अवघड नाहीं.

आणखी एक गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. मोटर दुरुस्त करण्यास एक भाऊ विहिरींत उतरलेला आहे, आणि दुसरा गांवांतून तिला फोन लावीत आहे, असें घडूं शकतें. म्हणून पेटी कितीहि हुशार असो, तिच्या आधीं हातानें ओढावयाचा मेन स्विच असावा. विहिरींत उतरणाऱ्यानें तो बंद करून त्याला कुलूप घालावें, आणि किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवावी. वर उभ्या असलेल्याच्या हातीं देऊं नये.