सात पुऱ्यांची माती आणि आमची कुंडी

आषाढातल्या संकष्टीला आम्ही सगळे बडा गणपतीला गेलो होतो. सुमारे 25 फुटांची ती शेंदरी मूर्ती बघून माझ्या सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, याचं विसर्जन कसं करतात?"

"याचं नाही करत, बाळा."

"मग आपल्या गणपतीचं का करायचं?"

मला काही उत्तर सुचेना. आई मदतीला आली. "विटा, चुना, गूळ, मेथी आणि अयोध्या, मथुरा, हरिद्वार, काशी, कांची, उज्जैन, द्वारका या सात पुऱ्यांची माती घालून हा घडवला, असं सांगतात. हा इथे राहायला आलाय. आपला मातीचा गणपती पाहुणा. आला, तसा मातीत परत जातो."

मला मागच्या वर्षीची बादली आठवली. ऑफिसच्या गडबडीत आदल्या संध्याकाळी मी एक चकचकीत मूर्ती आणली होती. विसर्जनानंतर आठ दिवस ती बादलीत तशीच! प्लास्टर पाण्याने घट्ट होतं, त्याची पुन्हा माती होत नाही. शेवटी मूर्ती संकलन केंद्रात देऊन आलो. हात जोडताना लाज वाटली.

मातीचं मातीला परत द्यायचं, हे जगाला सांगणारी एक पद्धत आपल्याच गावाच्या नावाने ओळखली जाते, हे किती जणांना ठाऊक आहे? 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला होते. चिनी शेतकऱ्यांची रीत आणि इथला अनुभव जोडून त्यांनी पालापाचोळा, शेण, राख आणि माती यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून तीनेक महिन्यांत खत तयार केलं. हीच 'इंदूर पद्धत'. यावरच्या 1931 च्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड!

यंदा लेकीने आणि मी मिळून अंगणातल्या मातीचा गणपती केला. माळव्याची काळी माती ती, वाळताना दोन ठिकाणी तडकली. सोंड बघून आईने विचारलं, "ही उजवी की डावी?" पण विसर्जनानंतर सकाळपर्यंत बादलीत नुसता गाळ उरला होता. तो आम्ही घरच्या खतात मिसळून कुंडीत घातला आणि जास्वंद लावली.

लेक रोज सकाळी कळी आली का ते बघते. अजून आलेली नाही.