मालकी सरकारची, माया शिपायाची

ज्या शस्त्राची मालकी एका दिवसापुरतीही आपली नव्हती, ज्याचा क्रमांक सरकारी दप्तरात नोंदलेला होता आणि जे कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा करून रुजू केल्यावाचून निवृत्तीचा हिशेब चुकता होत नसे, त्या शस्त्राविषयी माणसाला जन्मभर ममत्व वाटावे, ही गोष्ट वरवर पाहता चमत्कारिक वाटते. तथापि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या मुलुखातील वृद्ध पेन्शनरांच्या बैठकीत ज्याने चार घटका काढल्या असतील त्याला ठाऊक आहे की, लढाईचा विषय ही मंडळी संकोचाने काढतात, साहेबांचा विषय जपून काढतात, पण थ्री नॉट थ्री रायफलीचा विषय निघाला म्हणजे त्यांच्या जिभेला लगाम राहत नाही.

या ममत्वाचा पूर्वेतिहास मात्र अविश्वासाचा आहे. १८५७ साली एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांवरून जो वणवा पेटला, त्यानंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सोल्जराच्या तोडीचे हत्यार द्यावयाचे नाही, असे धोरण सरकारने मनोमन ठरवून टाकले. गोऱ्यांना नवी बंदूक मिळाली म्हणजे त्यांची उतरलेली बंदूक देशी पलटणींच्या वाट्यास यावी, हा क्रम त्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतांशी पाळला गेला. स्कॉटलंडात जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या जेम्स पॅरिस ली याच्या कल्पनेतून निघालेली यंत्ररचना पुढे एन्फील्डच्या कारखान्यात संस्कार पावली, १९०७ साली तिची आखूड नळीची ‘मार्क थ्री’ आवृत्ती, म्हणजेच या पेन्शनरांची थ्री नॉट थ्री, सिद्ध झाली आणि कलकत्त्याजवळच्या इशापूर येथील कारखान्यातही ती घडू लागली. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौज फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरली, तेव्हा तिच्या जुन्या रायफली बदलून नव्या नमुन्याच्या देण्यात आल्या. या समतेचे श्रेय कोणी राज्यकर्त्यांच्या औदार्यास देऊ नये. एकाच आघाडीवर दोन तऱ्हेची काडतुसे पुरविण्याची यातायात कोणत्याही कमिसरियटास परवडणारी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

निखळ अचूकपणाच्या कसोटीवर जर्मनांची माउझर सरस होती, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. लीच्या बोल्टचे मर्म वेगात होते. तो थोडासा उचलला की मोकळा होई, मागे फार ओढावा लागत नसे, आणि घोड्याची कमान पुढे ढकलताना आवळली जात असल्यामुळे उघडताना हाताला अटकाव जाणवत नसे. पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपा रिचवणारी दहा गोळ्यांची मॅगझिन, त्यातून तीनशे यार्डांवरील लक्ष्यावर मिनिटाला पंधरा गोळ्या झाडण्याची तालीम, आणि या साऱ्यासह खांद्यावर सुमारे चार किलोंचे ओझे, एवढी या शस्त्राची कुंडली होय.

पण केवळ या गुणांनी माया उपजली असती, असे मला वाटत नाही. ती उपजली सेवेतून. दस्त्याच्या तळाशी पितळी झाकणाआड तेलाची कुपी आणि दोरीचा पुलथ्रू ठेवलेला असे. त्या दोरीत चिंदी ओवून नळी पुनःपुन्हा पुसावी लागे, आणि चांदमारीहून परतल्यावर नळीत उकळते पाणी ओतावे लागे, कारण त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतील रसायनामागे ओल ओढणारा क्षार उरत असे आणि एका रात्रीची हयगयही नळीला गंज चढवीत असे. ही काडतुसे खडकीच्या कारखान्यातही होत, आणि त्यांच्या बुडावर त्या कारखान्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे उमटलेली असत. पुण्यातील कामगाराने घडविलेले काडतूस साताऱ्याच्या शिपायाने दूर परमुलखात झाडावे, हा योग त्यामुळे सहज जुळून येई. गोठ्यातल्या बैलाची निगा राखणाऱ्या कुणब्याच्या पोराला हे रोजचे उस्तवार करणे अपरिचित नव्हते. सुभेदाराने नळीतून उजेडाकडे पाहून मान हलविली, की दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटे.

१९६२ साली हिमालयाच्या बर्फात या रायफलीचे दिवस भरल्याचे उघड झाले. समोरच्या चिनी सैनिकाच्या हाती स्वयंभरणी आणि स्वयंचलित शस्त्रे होती, आणि आपला जवान प्रत्येक गोळीगणिक बोल्ट ओढीत होता. त्यानंतर लवकरच एसएलआर ही स्वयंभरणी रायफल आली. जुनी रायफल पोलिसांकडे आणि होमगार्डांकडे गेली, एनसीसीच्या मैदानावर ‘सलामी शस्त्र’ शिकविण्याच्या कामी आली, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या स्वयंचलित रायफलींच्या माऱ्यासमोर पोलिसांच्या हाती हीच होती. अशा वेळी जुन्या शस्त्राचे गोडवे गाणे हा त्या शिपायांवर अन्याय होय, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला संचलनात समारंभपूर्वक निरोप दिला. तो पुष्कळ आधी द्यावयास हवा होता.

परदेशी शौकिनांचा मार्ग निराळा. इंग्लंडमध्ये, कॅनडात वा अमेरिकेत परवाना आणि कायदा सांभाळून अशी रायफल घरी बाळगता येते, तिच्या क्रमांकावरून कारखाना आणि साल शोधता येते, आणि रविवारी चांदमारीवर नेता येते. कॅनडाच्या उत्तरेकडील रेंजरांनी तर कडाक्याच्या थंडीत ती दगा देत नाही म्हणून अगदी अलीकडेपर्यंत नोकरीत ठेविली होती. आपल्याकडे या बोअरची रायफल सामान्य नागरिकास निषिद्ध; इशापूरने त्याच यंत्ररचनेवर बांधलेली .३१५ बोअरची रायफल परवानाधारकाला मिळते, परंतु जुन्या शिपायाला तिचे सोयरसुतक नसते. त्याचा शौक जिभेवर आणि हातात राहतो.

हे प्रेम साऱ्या पेन्शनरांत एकजात आहे, असेही नव्हे. एकाहत्तरच्या लढाईतली मंडळी एसएलआरची पक्षपाती आहेत. तिच्या गोळीने माणूस उठत नसे, असे ती छातीठोकपणे सांगतात, आणि थ्री नॉट थ्रीवाले त्यावर गोळी वाया न घालविण्याच्या शिस्तीचा दाखला देतात. हा वाद कधी निकालात निघत नाही व निघावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. कारगिलच्या थंडीत जिच्या मॅगझिनींना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या, त्या इन्सास रायफलीचा कैवार घेणारा मात्र या बैठकींत अद्याप मला आढळलेला नाही. पण तिचे शिपाई अजून तरणे आहेत.