फिरतीची नोकरी आणि प्रथिने

आमच्या भवानीनगरच्या पंचक्रोशीत फिरतीवर असणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दुधाचे टँकर घेऊन पुण्या-मुंबईकडे जाणारे चालक, एस.टी.चे चालक-वाहक, खते-औषधे विकणारे प्रतिनिधी, रोज पुण्याला ये-जा करणारे नोकरदार आणि गळीत हंगामात छत्रपती कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत रात्र काढणारे ट्रक-ट्रॅक्टरवाले. ही मंडळी दवाखान्यात आली की तक्रार बहुधा एकच असते. "डॉक्टर, अंगात ताकद राहिली नाही, एखादे टॉनिक लिहून द्या." काल दिवसभरात काय खाल्ले म्हणून विचारावे, तर यादी चांगली लांबलचक निघते. चहा-खारी, वडापाव, पुन्हा चहा, भजी, राइस प्लेट, संध्याकाळी भेळ. म्हणजे उपाशी कोणीच नसतो. पोट भरलेले असते, प्रथिने तेवढी राहून जातात.

प्रथिने म्हणजे शरीराची डागडुजी करणारा माल. स्नायू, रक्त, कातडी, जखम भरून येणे, रोगाशी झुंजणे, सगळ्याला ती लागतात. जादा खाल्लेले पिठूळ आणि तेलकट अन्न शरीर चरबी म्हणून साठवून ठेवते. प्रथिनांचे असे कोठार नसते. रोजची गरज रोज भागली नाही तर शरीर स्वतःच्याच स्नायूंतून उचल करते. म्हणूनच पोट सुटलेले आणि हातपाय मात्र काटकुळे, अशी माणसे फिरतीच्या धंद्यात पुष्कळ दिसतात. पन्नाशीनंतर स्नायू तसेही झिजू लागतात; तेव्हा ही उचल जास्तच महागात पडते.

रोज लागते तरी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम धरावे. आता वरची यादी पुन्हा पाहा. वड्यातला बटाटा शंभर ग्रॅम घेतला तरी प्रथिने जेमतेम दीड-दोन ग्रॅम. डाळीचे पीठ आहे ते वरच्या पातळ सालीपुरते. चार-पाच ग्लुकोज बिस्किटांत दीड-दोन ग्रॅम. राइस प्लेटमधले वरण इतके पातळ, की ताटलीचा तळ दिसावा. एकादशीच्या साबुदाण्यात तर जवळपास काहीच नाही. खिचडीत जे काही असते ते शेंगदाण्यांचे!

माझ्याकडे येणारे एक टँकरचालक आहेत. पाठीमागे हजारो लिटर दूध, आणि स्वतः मात्र रात्रभर कटिंग चहावर. पायाला लागलेली जखम महिनाभर भरत नव्हती. रक्तातील साखर तपासली, ती ठीक निघाली. मग आहाराचा हिशेब मांडला, तेव्हा दिवसाकाठी तिशीच्या आसपासच प्रथिने पोटात जात होती. औषध-मलमपट्टी चालू ठेवली आणि खाणे बदलायला लावले. जखम भरली. सगळे श्रेय आहाराचे आहे असे मी म्हणणार नाही, पण त्याचा वाटा निश्चित होता.

त्यांना सांगितले तेच इथे सांगतो. आपल्या आजी-पणजीला प्रथिने हा शब्द ठाऊक नव्हता, पण प्रवासाला निघालेल्या माणसाच्या शिदोरीत त्या दशम्या बांधत. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी टिकतेही चांगली. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. धान्यातील प्रथिनांत जे कमी असते ते डाळी-कडधान्यांत असते आणि डाळींत कमी ते धान्यात. म्हणून भाकरी आणि पिठले, पोळी आणि उसळ ही जोडी शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. सातूचे पीठ आता घरांतून नाहीसे होत चालले आहे, याचे मला वाईट वाटते. भाजलेले गहू आणि डाळे दळून डबा भरून ठेवावा. गूळ-पाणी किंवा दूध घालून कालवले की झाले. चूल नको, गॅस नको.

घरून काही नेता आले नाही तरी अडत नाही. एस.टी. स्टँडवर फुटाणे मिळतात. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर शेंगदाण्यांत सहा, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा, दह्याच्या मोठ्या वाटीत पाच, घट्ट उसळीच्या वाटीत सात, दोन ज्वारीच्या भाकरींत दहा-अकरा. सोलापूर रस्त्याला भिगवणला थांबणाऱ्यांनी मासळीचे ताट जरूर घ्यावे. शंभर ग्रॅम मासळीत अठराच्या आसपास मिळतात. फक्त तळलेल्याऐवजी रश्श्यातली घ्यावी. वडापाव सोडाच असा माझा हट्ट नाही. दोनाऐवजी एक खा आणि सोबत दोन उकडलेली अंडी किंवा फुटाण्यांची पुडी घ्या.

थोडी काळजी मात्र हवी. उकडलेली अंडी उन्हाळ्यात बांधून नेऊ नयेत. समोर सोलून दिलेली ताजी खावीत. कडू लागणारे, काळपट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे थुंकून टाकावेत, त्यांतले विष यकृताला घातक असते. ताक चांगले, पण त्यातल्या बर्फाचा भरवसा नाही. महागड्या पावडरींच्या डब्यांची निरोगी माणसाला गरज नाही. घ्यायचाच झाला तर त्यावर साखर किती लिहिली आहे ते आधी वाचावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र वरचे आकडे स्वतःला लावू नयेत. त्यांनी किती प्रथिने घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आणि असे दोन-तीन आठवडे नीट खाऊनही थकवा जात नसेल, किंवा वजन उतरत असेल, तर आहारावर भार टाकून बसू नका. साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर थुंकीही तपासा. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.