एकच मराठी मजकूर, पडद्यागणिक निराळा

एका संगणकावर सुबक दिसणारा मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडला, की कधी अक्षरे जाडसर होतात, कधी मात्रांची टोके छाटली जातात, तर कधी जोडाक्षर मोडून पडते. दोष फाँटचाच असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः फाँट हा या व्यवहारातील केवळ एक भागीदार असतो.

संगणक अक्षरांच्या आकृत्या नव्हे, तर त्यांचे क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा समावेश आहे. तरीही त्यानंतर बरीच वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे वाचण्यासाठी त्यांचा विशिष्ट फाँट आधी उतरवून घ्यावा लागे. तो नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ उमटे. युनिकोडच्या प्रसाराने तो त्रास बव्हंशी सरला.

क्रमांकांवरून आकृती घडवण्याचे काम मात्र उरतेच. ‘कि’ साठवताना आधी क आणि नंतर वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर वेलांटी आधी दिसावी लागते. ही फेरमांडणी विंडोजमध्ये युनिस्क्राइबने सुरू केली, ॲपलच्या संगणकांवर कोअर टेक्स्ट करते, तर लिनक्स आणि अँड्रॉइडवर प्रामुख्याने हार्फबझ. विंडोज २००० सोबत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ हा फाँट आला. पुढे विंडोज एक्सपीमध्येही भारतीय लिपींची सोय वापरणाऱ्याला स्वतः चालू करावी लागे. ती न केल्यास वेलांट्या भलत्याच अक्षरांपुढे जाऊन बसत.

मराठीची खरी कसोटी लागते ती अर्ध्या र मध्ये. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. यातील दुसरे रूप दोन प्रकारे साठवता येते: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखीच. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव यादीत एका पद्धतीने नोंदलेले असेल आणि शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला, तर साध्या शोधयंत्रणेला ते सापडत नाही. अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळणारी प्रणाली वाटेत आली, तर त्याच गृहस्थांचे ‘कुर्हाडे’ होते. मतदार यादीत किंवा शाळेच्या दाखल्यावर हा प्रश्न केवळ देखणेपणाचा राहत नाही. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. २००८ साली त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. तोवर लोक ‘अ’वर अर्धचंद्र देत होते, आणि आजही दोन्ही रूपे प्रचारात आहेत.

स्पष्टतेचा मुद्दा वेगळा आहे. विंडोजने परंपरेने अक्षरांच्या कडा पडद्यावरील सूक्ष्म ठिपक्यांच्या चौकटीत बसवण्यावर भर दिला. ॲपलने मूळ आरेखनाशी इमान राखले. परिणामी एकीकडे शिरोरेषा धारदार, पण वळणे किंचित कडक. दुसरीकडे वळणे डौलदार, पण बारीक आकारात शिरोरेषा धूसर. दाट ठिपक्यांच्या नव्या पडद्यांवर हा भेद बराच कमी झाला आहे.

सर्व प्रणालींवर एकसारखे रूप हवे असल्यास संकेतस्थळानेच पानासोबत फाँट पाठवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्त’ यांसारखे फाँट त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. पानाची भाषा मराठी असल्याचे संकेतात नमूद करणेही अगत्याचे आहे. कित्येकदा ते राहून जाते. काही फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, आणि कोणते दाखवायचे हे त्या नोंदीवरूनच ठरते. ओळींमधील अंतर मात्र रोमन लिपीच्या मापाने ठेवून चालत नाही. ‘सर्वांनीं’सारख्या शब्दांतील रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीला जाऊन भिडतात.